पडत्या अंपायरला धरल्याबद्दल

नाही, मला एक सांगा, पडणाऱ्या माणसाला धरायचं नाही तर काय करायचं? खिशात हात घालून बघत राहायचं आणि म्हणायचं, पडा हो पडा, सावकाश पडा, काही घाई नाही... अहो, गाडीच्या मागून कुत्रं घसरायला लागलं तरी आपला हात पुढे जातो. काचेची बरणी फळीवरून कलंडली तर जातो. आणि हा तर माणूस. चांगला सहा फुटी, बायको-पोरांचा, कर भरणारा माणूस, तो तोल जाऊन मागे कोसळतोय, पण त्याला धरायचं नाही. का? तर त्याने हिरवा शर्ट घातलाय आणि त्याच्या तोंडात शिट्टी आहे. अंपायरला हात लावायचा नाही. म्हणजे नाही.

तुम्हाला सांगते, मी हे ऐकीव बोलत नाही. चौतीस वर्षं आमच्या वेराबिन गावच्या फुटबॉल क्लबचा भोंगा माझ्या हातात आहे, आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू पायाने मारायचा आणि हातानेही धरायचा. मॅचचे चार भाग, त्यातलं एकेक क्वार्टर सुरू झालं की भोंगा, संपलं की भोंगा. शाळा मी तिसरीत सोडली, गाईंच्या धारा काढायला घरात दुसरं होतं कोण, पण घड्याळ मला कळतं आणि घड्याळापेक्षा जास्त मला माणसं कळतात. माझी बसायची जागा म्हणजे चार खांबांवर उभं केलेलं पत्र्याचं खोकं. उन्हात आत भाजून निघतं माणूस, थंडीत आखडून जातं, पण तिथून मैदानाचा मध्य असा दिसतो, जसा ताटाच्या मधोमध ठेवलेला बटाटा. त्यामुळे त्या शनिवारी काय झालं ते माझ्याइतकं स्पष्ट देवानेसुद्धा बघितलं नसेल. त्याला बिचाऱ्याला वरून नुसती टकलं दिसली असणार.

फायनलच्या आधीची मॅच होती. जिंकलो की पुढच्या शनिवारी फायनल, तिथे समोर डनमोर गावची टीम. आणि फायनल खायची असते की प्यायची हे आमचं गाव विसरलं होतं, सत्तावीस वर्षं झाली हो. आमचा कॅप्टन अँगस, माझ्या कॉलीनचा मुलगा, म्हणजे माझा नातू. तेहेतीस वर्षांचा घोडा. मेंढ्या कातरायचं काम करतो, दिवसाला दीडशे मेंढ्या, त्यात कंबर गेलेली, एक गुडघा गेलेला, दुसरा निघायच्या तयारीत. मार्चमध्येच येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "नॅन, हे शेवटचं वर्ष. एकदा फायनल खेळतो आणि बूट खिळ्याला टांगतो." पोरगा काही मागत नाही कधी. लहानपणी वाढदिवसाला काय हवं विचारलं तर दोरी मागायचा. त्याने आयुष्यात तोंड उघडून मागितलेली ही एक गोष्ट. आता कळलं तुम्हाला माझा जीव कशात अडकलाय ते?

तर आता मेंढी कशी धरतात ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंढीच्या मागे जायचं, पुढच्या दोन्ही पायांखाली काखेत हात घालायचे, उचलायची, आणि ढुंगणावर टेकवून आपल्या गुडघ्यांना पाठ लावून बसवायची. एकदा बसली की मेंढी गप्प. पाहुण्यासारखी बसते. हे अँगस दिवसातून दीडशे वेळा करतो, पंधरा वर्षं करतोय. त्याच्या डोक्याला विचारायची गरजच उरलेली नाही. पाठमोरं काही अंगावर आलं की हात थेट काखेत.

आणि अंपायर कसा पळतो? उलटा. तो मैदानाच्या मध्यभागी येतो, चेंडू दोन्ही हातांनी जमिनीवर असा आपटतो की तो उंच उडावा, आणि मग पोरांच्या पायाखाली येऊ नये म्हणून तोंड पुढे ठेवून मागे मागे पळत सुटतो. मागे कोण आहे ते बघायचं त्याच्यावर बंधन नाही. बंधन आपल्यावर. आपण त्याच्या वाटेत असायचं नाही. आता मला सांगा, ज्याला मागे डोळे नाहीत तो मागे पळणार, आणि ज्यांना पुढे डोळे आहेत ते चेंडूकडे बघणार, मग टक्कर नाही होणार तर काय लग्न होणार?

शेवटचं क्वार्टर, आठ मिनिटं राहिलेली, आपण नऊ गुणांनी पुढे. आदल्या दिवशी पाऊस पडलेला, मधली जमीन लापशीसारखी. अंपायर नेव्हिल प्राउट, त्याने चेंडू आपटला, चेंडू उडाला, नेव्हिल मागे मागे निघाला... त्याची टाच चिखलात रुतली, हात असे वर, शिट्टी तोंडातून बाहेर, आणि पाठ थेट अँगसच्या छातीवर. झालं. हात काखेत. अँगसने त्याला उचललं, ढुंगणावर टेकवलं, गुडघ्यांना पाठ लावून बसवलं. तुम्हाला सांगते, नेव्हिलसुद्धा गप्प बसला. क्षणभर मला वाटलं, हा आता खिशातून कात्री काढतो. सगळं मैदान हसायला लागलं, आमची माणसं, त्यांची माणसं, कुंपणाला लावलेल्या गाड्यांतल्या बायका, हॉर्नवर हॉर्न. मग अँगसच्या लक्षात आलं की ह्या मेंढीला शर्ट आहे. त्याने त्याला परत उभा केला, शर्ट नीट केला, पाठीवर दोनदा थोपटलं, आणि कानापर्यंत लाल झाला.

नेव्हिलने शिट्टी उचलली, पुसली, आणि म्हणाला, "आभारी आहे, अँगस. तुझा रिपोर्ट करतोय." आणि खिशातून वही काढून चिखलाच्या बोटांनी लिहायला लागला.

आभारीही आहे आणि रिपोर्टही करतोय. अंपायरला हात लावायचा नाही. म्हणजे नाही.

नेव्हिल वाईट माणूस आहे का? मुळीच नाही. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. हा नेव्हिल आठवडाभर पायांचा डॉक्टर आहे. दर सहा आठवड्यांनी बुधवारी मी त्याच्याकडे जाते, तो खाली स्टुलावर बसतो, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतो, आणि माझी नखं कापता कापता विचारतो, मर्ल, टोमॅटो आले का यंदा? अर्धा अर्धा तास माझा पाय त्याच्या मांडीवर. टाचेची कातडी घासून देतो, बोटांमध्ये पावडर घालतो, माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत माझ्या पायाला एवढा हात लावला नसेल. आणि तोच माणूस शनिवारी मैदानावर दिसला की मध्ये दोन हात अंतर, जसा काही तो ओल्या रंगाचा आहे.

मॅच आपण जिंकलो, ते सांगायचं राहिलंच. जिंकून कोणी हसेना. सगळे पुस्तक शोधत होते. लीगचं नियमांचं पुस्तक असतं, क्लबच्या ऑफिसात टेबलाच्या पायाखाली टेकण म्हणून ठेवलेलं, ते काढलं तर टेबल डुगडुगायला लागलं. सेक्रेटरीने वाचून दाखवलं. जाणूनबुजून हात लावला तर तीन आठवडे बंदी. निष्काळजीपणाने लावला तर दोन. गुन्हा कबूल केला तर एक आठवडा सूट. मी म्हटलं, म्हणजे एक तरी आठवडा बसणारच? तो म्हणाला, बसणारच. आणि उरलाय किती सीझन? एक आठवडा. मग ही सूट काय चाटायची आहे? अँगस तिथे बाकावर बसून बुटाचा चिखल काढत होता. म्हणाला, जाऊ दे नॅन, नियम आहे. तेवढंच बोलला. आणि तोच एक बूट अर्धा तास साफ करत बसला.

मग मी ठरवलं. मंगळवारी सुनावणी होती, संध्याकाळी पाच वाजता, बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये. मी साक्षीदार म्हणून नाव दिलं, आणि क्रीमचा केक केला. केक कशाला विचारताय? पाच माणसं जमणार, चहा होणार, रिकाम्या हाताने कशी जाऊ? भांडायला जायचं झालं तरी आमच्याकडे बाई ताट घेऊनच जाते.

सुनावणीच्या समितीचा मुख्य डेस्मंड. हा डेस्मंड दर गुरुवारी बाजारात मेंढ्यांचा लिलाव करतो, तीस वर्षं. त्याला हळू बोलता येतच नाही. चर्चमध्ये प्रार्थना म्हणतो तेव्हासुद्धा देवाला वाटत असेल, माझा भाव लावतोय. आमच्यापुढे बसला, लिलावाचा हातोडा टेबलावर, आणि सुरू झाला, तर चला अंपायरला हात लावल्याचा गुन्हा खेळाडू अँगस तीन आठवडे तीन तीन तीन, कबूल आहे का, कबूल असेल तर दोन, दोनवर आहोत आपण दोन दोन, निष्काळजीपणा म्हणायचंय का मग एक, एक आठवडा एकदा, एक आठवडा दोनदा... मी उभी राहिले. म्हटलं, डेस्मंड, तुला मी अर्ध्या चड्डीत बघितलाय, श्वास घे.

मग नेव्हिलला बोलावलं. इस्त्रीचा हिरवा कोट घालून आला होता, छातीवर लीगचं चिन्ह, हातात वही. सगळं खरं सांगितलं त्याने. अँगसचा हेतू वाईट नव्हता म्हणाला. सभ्य मुलगा आहे म्हणाला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात डेस्मंडने विचारलं, त्याने धरलं नसतं तर तुम्ही पडला असता का? कारण पुस्तकात पुढच्या पानावर, सेक्रेटरीने वाचलंच नव्हतं तिथे, असं आहे, की गरज नसताना हात लावला तर गुन्हा. गरज असेल तर गुन्हा नाही.

नेव्हिलने वही मिटली. मग म्हणाला, "नाही. मी पडलो नसतो. बावीस वर्षं मी उलटा पळतोय, एकदाही पडलेलो नाही."

आता हे तो असं का बोलला ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. बावीस वर्षांत नेव्हिलला एकदाही फायनल मिळाली नव्हती. फायनलचा अंपायर बुधवारी ठरतो, आणि यंदा त्याचाच नंबर लागणार होता, सगळे तसं म्हणत होते. उलटं पळताना पडतो, असं स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या अंपायरला फायनल कोण देईल? म्हणजे इकडे एकाची शेवटची फायनल आणि तिकडे एकाची पहिली. पण मला तेव्हा हे कुठे ठाऊक? मला एवढंच दिसलं की अँगसने मान खाली घातली.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, पडला नसतास काय? पळून दाखव. इथे, आत्ता. डेस्मंड म्हणाला, मर्ल, ही सुनावणी आहे, शाळेचं गॅदरिंग नव्हे. मी म्हटलं, तू लिलावात मेंढी चालवून बघतोस की नाही? न चालवता विकतोस का? त्यावर समितीतले बाकीचे दोघं म्हणाले, हे बरोबर आहे. नेव्हिल स्वतःच उठला. अभिमानाचा प्रश्न होता ना. हॉलच्या मधोमध उभा राहिला, चेंडू नव्हता म्हणून डेस्मंडची टोपी घेतली, आणि अँगसच्या जागी उभी कोण राहणार तर मी. अँगसला मी म्हटलं, तू हात पाठीमागे बांध आणि भिंतीला टेक, श्वाससुद्धा त्याच्या दिशेने सोडू नकोस.

नेव्हिलने टोपी आपटली, आणि निघाला मागे मागे. खरं सांगते, सुरेख पळतो. पाठ ताठ, छोटी छोटी पावलं, नजर पुढे, जसा काही सिनेमा उलटा लावलाय. माझ्यावर येतोय, येतोय, त्याचा कोट माझ्या नाकाशी आला, माझे हात वर जायला लागले... आणि मी स्वतःला म्हटलं, मर्ल, अंपायरला हात लावायचा नाही. म्हणजे नाही. हात मागे घेतले, बाजूला झाले.

माझ्या मागे चहाची गाडी होती.

किटली, बारा कप, दुधाचं भांडं, आणि वरती माझा केक. नेव्हिल त्या सगळ्यासकट खाली गेला. आवाज एवढा झाला की बाहेर हिरवळीवर बोलिंगचे गोळे घरंगळवणारी म्हातारी मंडळी आत बघायला आली. तो जमिनीवर बसला होता, एक पाय चाकात, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत क्रीम. कोणी हललं नाही. अँगस भिंतीला चिकटून उभा, हात मागे, डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं, कारण त्याचे हात त्याला बोलावत होते आणि मी त्याला डोळ्यांनी दाबून धरला होता.

डेस्मंड एकदाचा हळू बोलला. म्हणाला, गरज होती असं दिसतंय. हातोडा आपटला. अँगस निर्दोष.

आता इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण समोर माणूस बसलाय, क्रीम त्याच्या डोळ्यांत जातंय, त्याला काही दिसत नाहीये, आणि माझ्या बाहीत रुमाल आहे. चार पोरं आणि नऊ नातवंडं पुसलीत मी, माझ्या हाताला कोण विचारायला थांबणार? गेले, त्याची हनुवटी धरली, तोंड पुसलं, कानामागचं पुसलं, दंडाला धरून उठवलं, आणि म्हटलं, लागलं का रे राजा?

डेस्मंडने घसा खाकरला. "मर्ल, तुझं नाव क्लबच्या अधिकाऱ्यांच्या यादीत आहे?"

मी म्हटलं, आहे की. चौतीस वर्षं.

त्याने पुस्तक उघडलं. नियम खेळाडूंना आणि अधिकाऱ्यांना सारखाच. अंपायर कोटात आहे, लीगच्या कामावर आहे, आणि तो आधीच खाली बसलेला होता, म्हणजे तो पडेल अशी भीती उरलेली नव्हती, म्हणजे गरज नव्हती. मी म्हटलं, अरे, तोंड पुसलं मी त्याचं. तो म्हणाला, दोन्ही हातांनी पुसलंस. आणि चालू झाला, दोन आठवडे दोन दोन, कबूल असेल तर एक, एक एक एक... मी म्हटलं, एकच दे बाबा, आणि थांब. एक आठवडा एकदा, दोनदा, तीनदा. हातोडा. बंदी म्हणजे फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

तर असा आला फायनलचा शनिवार. सगळं गाव आत, आणि मी बाहेर रस्त्यावर माझ्या गाडीत, थर्मास मांडीवर. आमच्या मैदानाला त्या बाजूने उंच पत्र्याचं कुंपण आहे, आत काही म्हणजे काही दिसत नाही. पण आमच्याकडे गोल झाला की लोक गाड्यांचे हॉर्न वाजवतात, आणि डनमोरच्या गाड्या धान्याच्या कोठाराकडे लागतात, आपल्या झाडांकडे. म्हणून हॉर्न कुठून आला त्यावरून मला हिशेब लागत होता. कोठाराकडून एक. कोठाराकडून दोन. झाडांकडून एक. कोठाराकडून तीन, चार...

पहिलं क्वार्टर संपल्याचा भोंगा झाला, तर माझ्या शेजारी दुसरी गाडी येऊन थांबली. नेव्हिल. साध्या स्वेटरमध्ये. फायनल त्याला दिली नाही. बुधवारी बैठक बसली आणि चहाच्या गाडीची गोष्ट त्याच्या आधी तिथे पोचलेली होती. शहरातून कोणी तरणाताठा मागवला. मी काच खाली केली. मीच म्हटलं होतं ना, पळून दाखव. तो म्हणाला, "आत बसून दुसऱ्याला शिट्टी वाजवताना बघवेना. बसू का तुमच्याकडे?" मी दार उघडलं.

दोघं बसून हॉर्न मोजत राहिलो. मी म्हटलं, नेव्हिल, तू मंगळवारी खोटं बोललास. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, मला आधी ठाऊक असतं की तुला यंदा... तो म्हणाला, ठाऊक असतं तर काय केलं असतंत? मी विचार केला. म्हटलं, हेच केलं असतं. तो हसला. मग कोठाराकडून सात-आठ हॉर्न एकदम वाजले आणि त्याचा चेहरा जरा पडला, बावीस वर्षं हो, आणि शेवटी कुंपणाच्या बाहेर एका म्हातारीच्या गाडीत. मला वाटलं, त्याच्या पाठीवर हात फिरवावा. हात उचललासुद्धा. मग थर्मासचं झाकण फिरवलं आणि त्याच्या कपात चहा ओतला. बंदी मॅच संपेपर्यंत होती.

शेवटचा भोंगा चार सेकंद उशिरा वाजला, ते आम्हा दोघांनाही कळलं. कोठाराकडचे हॉर्न थांबेचनात.

माणसं बाहेर पडायला लागली तसा अँगस आला, लंगडत, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. पहिल्या तीन मिनिटांतच गुडघा गेला होता. बाहेर ये म्हणून सगळे ओरडत होते, पण हा येईना, पुढच्या कोपऱ्यात एका पायावर उभा राहिला चारही क्वार्टर. फायनल खेळायची होती ना त्याला. खेळला. मी त्याला आपादमस्तक बघितलं. जर्सी सकाळी मी इस्त्री करून दिली होती तशीच, घडीसुद्धा मोडलेली नाही.

म्हटलं, अरे, एवढा उपद्व्याप केला आम्ही. माझा भोंगा गेला, ह्याची शिट्टी गेली, केक गेला. निदान चेंडूला तरी हात लावलास का?

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही गं नॅन. तेवढं राहिलंच."